काठावरचा दरवाजा

माझा भाचा अमेरिकेत व्हरमाँट राज्यात राहतो. पानगळीच्या दिवसांत तो आणि त्याची बायको गाडी काढतात आणि खेड्यापाड्यांतून जुने पूल बघत हिंडतात. हे पूल छपराचे. ओढ्यावर कुणी एखादं लांबुडकं कोठार आडवं ठेवून दिलं असावं तसे ते दिसतात : दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, वर उतरतं छप्पर आणि पोटातून रस्ता. त्या चिमुकल्या राज्यात असे शंभराच्या आसपास पूल अजून उभे आहेत म्हणे. पुलाशेजारच्या गावात बहुधा एखादं छोटं संग्रहालय असतं. तिथे जुने नांगर, चरखे आणि गावच्या पहिल्या पोस्टमास्तरचा चष्मा असं काहीबाही मांडलेलं. मागच्या वर्षी फोटोंखाली त्याने लिहिलं, "मामा, आपल्या मावळात असं काही आहे का?"

"नाही" एवढंच उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण मामा म्हटल्यावर माणसाला थोडा ताठा येतोच. मी दोन दिवस मावळात पूल आणि जुन्या वस्तू शोधत फिरलो. सुरुवात इंदुरीपासून केली, कारण तिथला दरवाजा मला आधीपासून ठाऊक होता.

तळेगाव दाभाडेहून चाकणच्या रस्त्याला लागलं की चार-पाच किलोमीटरवर इंद्रायणी ओलांडायची, की इंदुरी. पुलावरून दिवसभर कारखान्यांचे कंटेनर धडधडत जात असतात. गढी त्या गोंगाटापासून थोडी बाजूला, नदीच्या अंगाला. गढीत पाहण्यासारखा उरलाय तो दरवाजाच, पण तो असा उरलाय की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. दोन बाजूंना जाडजूड बुरूज, मध्ये कमान, खाली घडीव दगड, वर विटांचं काम, त्याच्यावर नगारखान्याची जागा. एवढ्या रुबाबाने आत गेलं की समोर गवत. कडजाईचं देऊळ आहे, तटाचे तुकडे आहेत आणि मागे नदी आहे. वाडा, सदर, पागा यांतलं काही नाही. बांधणाऱ्याने सगळा जीव दरवाजातच ओतला की काय असं वाटतं. खरं तर बाकीचं पडलं, आणि दरवाजा पडायला जड होता म्हणून राहिला.

ही गढी सेनापती खंडेराव दाभाडे यांची, १७२० च्या आसपासची. दाभाड्यांकडे मूळची तळेगावची पाटीलकी. खंडेरावांचे वडील येसाजी शिवाजी महाराजांच्या पदरी होते. १६८९ मध्ये रायगड पडायच्या बेतात असताना राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा त्या जीवघेण्या प्रवासात बरोबर असलेल्यांत खंडेराव होते. पुढे शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले तेव्हा खंडेरावांनी बाजू ओळखली आणि ११ जानेवारी १७१७ रोजी त्यांना सेनापतिपद मिळालं. पेशवा बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले त्या मोहिमेतही ते होते. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा याच मोहिमेतून आल्या. खानदेश आणि गुजरात हा त्यांच्या तलवारीचा मुलूख. म्हणजे सेनापती मावळचे, पण त्यांचा पैसा तापी आणि नर्मदेकाठचा.

नकाशा समोर ठेवून या गढीची जागा बघावी. घराणं तळेगावचं, नदीच्या दक्षिणेला, आणि गढी बांधली इंदुरीला, उत्तर काठावर. आज मधला पूल आपण एका मिनिटात पार करतो, त्यामुळे मध्ये नदी आहे हेच विसरायला होतं. तेव्हा आषाढ-श्रावणात इंद्रायणी दुथडी भरली की सेनापतींचं घर एका तीरावर आणि तटबंदी दुसऱ्या तीरावर. गढी तिथे का बांधली याचं उत्तर वाटेत असावं असं मला वाटतं. बोरघाट चढून आलेली वाट याच खोऱ्यातून खाली येते. तिचा एक फाटा चाकणकडे, तिथून जुन्नरकडे आणि पुढे खानदेशाकडे जातो. गुजरातेत ज्याची फौज, त्याला उत्तरेकडे निघताना नदी पाठीमागे असलेली बरी.

इतिहासाच्या पुस्तकांत ही नदी दिसत नाही, पण मराठ्यांचं सगळं लष्करी पंचांग नद्यांवरच बेतलेलं होतं. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन. आपण त्याला धार्मिक मुहूर्त समजतो. खरा मुहूर्त होता पाणी ओसरण्याचा. पायउतार मिळेपर्यंत घोडदळाला हलता येत नसे. मोठी नदी असेल तर होड्या एकीला एक बांधून तात्पुरता पूल घालायचा, छोटी असेल तर वाट बघायची. घाटमाथ्यावरच्या असल्या नद्यांवर कायमचा पूल बांधावा असं त्या काळात फारसं कुणाला वाटलं नाही. चार महिने थांबायचं हे जगण्यात गृहीत धरलेलं होतं. पुण्यात मुठेवर पेशवाईत एक लाकडी पूल झाला खरा; तो कधीच वाहून गेला आणि त्याच्या जागी दगडी आला. पुणेकरांनी नाव मात्र सोडलं नाही : लकडी पूल. त्यात लाकडाचा तुकडा नाही.

खंडेराव सप्टेंबर १७२९ मध्ये वारले. तळेगावात बनेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. सेनापतिपद थोरल्या मुलाकडे, त्रिंबकरावांकडे आलं आणि त्याबरोबर पहिल्या बाजीरावाशी वैरही आलं. गुजरातचा महसूल कुणाचा, हा प्रश्न. सेनापती म्हणत, मुलूख आम्ही तलवारीने मिळवला. पेशवा म्हणे, दौलत एक आहे, वाटा हवा. त्रिंबकराव निजामाला जाऊन मिळाले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. त्रिंबकराव गोळी लागून ठार झाले आणि लढाई तिथेच संपली. सेनापती पडला, आणि तोही आपल्याच पेशव्यापुढे. शाहू महाराजांना हे फार लागलं असावं. महाराज स्वतः तळेगावला आले, त्यांनी बाजीरावाला त्रिंबकरावांच्या आई उमाबाईंच्या पायांवर घातलं आणि सूड हवा असेल तर घ्या म्हणून तलवार पुढे केली, अशी हकीकत सांगतात. ती शब्दशः घडली असो वा नसो, राजाला सेनापतीच्या दारात यावं लागलं याचा अर्थ त्या काळच्या माणसाला बरोबर कळला असणार.

उमाबाई दाभाडे या बाईंवर मराठीत जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं गेलेलं नाही. माहेर नाशिककडचं, अभोण्याच्या ठोके देशमुखांचं. अभोणा सप्तशृंगीच्या डोंगराजवळ, आणि त्या गडावरच्या पायऱ्या उमाबाईंनी बांधून घेतल्या. नवरा गेला, थोरला मुलगा लढाईत पडला, आणि वर्षभरात गुजरातेतला मुख्य सरदार पिलाजी गायकवाड डाकोरला दगाफटक्याने मारला गेला. सेनापतिपद दुसऱ्या मुलाच्या, यशवंतरावाच्या नावावर गेलं, तो लहान. मग बाई स्वतः फौज घेऊन निघाल्या, थेट अहमदाबादपर्यंत. परत आल्यावर शाहू महाराजांनी त्यांच्या पायांत सोन्याचे तोडे घातले असं सांगतात.

डभईच्या लढाईने आणखी एक गोष्ट तळेगावातून पुण्याला नेली, आणि ती मला लढाईपेक्षाही महत्त्वाची वाटते. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची प्रथा खंडेरावांनी तळेगावात चालू केली होती. लांबलांबून शास्त्री-पंडित यायचे. १७३१ नंतर तो खर्च दाभाड्यांना झेपेना. मग ती दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात देऊ केली, आणि पुढे पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ती लाखांनी वाटली जाऊ लागली. पेशवाई बुडाली तेव्हा एल्फिन्स्टनने त्यातलाच पैसा वळवून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. तीच पुढे डेक्कन कॉलेज झाली. नंतर मराठी पुस्तकांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइझ कमिटीही याच पैशांतून आली. म्हणजे एकोणिसाव्या शतकात पुण्यात कुणी मराठी ग्रंथाला बक्षीस मिळवलं, तर त्या रुपयाचं मूळ शोधत जाताना तळेगावच्या श्रावणापर्यंत पोहोचावं लागतं. या गोष्टीचा फलक मला तळेगावात कुठेच दिसला नाही. असला तर मी तो चुकवला.

शेवटाची सुरुवात आळंदीला झाली, म्हणजे याच नदीच्या काठी, इंदुरीहून खालच्या अंगाला. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये गेले. नानासाहेब पेशव्याने गुजरातचा अर्धा वाटा मागितला. नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाई आळंदीला त्याला भेटल्या आणि आपली बाजू मांडली. त्याने ऐकली नाही. तेव्हा ताराबाई साताऱ्यात पेशव्याविरुद्ध उभ्या होत्याच. उमाबाईंनी त्यांना साथ दिली आणि पिलाजीचा मुलगा दमाजी गायकवाड याला गुजरातेतून बोलावलं. तो पंधरा हजारांच्या फौजेने आला, साताऱ्याच्या परिसरात पेशव्याच्या सरदाराला त्याने हरवलंही, पण पुढे कोंडीत सापडला. १७५१ मध्ये दमाजी आणि दाभाडे मंडळी कैद झाली. लोहगडावर त्यांना ठेवण्यात आलं.

लोहगड पवन मावळात. आकाश मोकळं असलं की तळेगावच्या बाजूने तो दिसतो, पलीकडे विसापूर जोडीला. सेनापतीच्या घराण्याला कैदेत ठेवायला जागा सापडली ती घराच्या अंगणातून दिसणारी. दमाजीने १७५२ मध्ये अर्धा गुजरात देण्याचं कबूल करून सुटका करून घेतली आणि दाभाड्यांचा हात सोडून स्वतःचं राज्य उभं केलं. तेच बडोदं. उमाबाई १७५३ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांची समाधी तळेगावात, बनेश्वराजवळच, नवऱ्याच्या समाधीपाशी. इंदुरीच्या गढीचं महत्त्व तेव्हाच संपलं. नगारखान्यातला नगारा कधी थांबला याची तारीख कुणी लिहून ठेवली नसेल, पण १७५३ च्या पुढे वाजवायला कारणच उरलं नव्हतं.

भाच्याने पूल विचारले होते आणि मी दाभाडे सांगत बसलो. पण पुलाकडेच येतोय.

मावळात पुलाची गरज सगळ्यांत आधी कुणाला कळली असेल तर इंग्रजांना, आणि तीही मार खाऊन. रघुनाथरावाला गादीवर बसवायला मुंबईची इंग्रज फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून आली. बरोबर सामान वाहणारे एकोणीस हजार बैल. एवढं लटांबर आणि जड तोफा घाटवाटेने वर घेऊन फौज मुंगीच्या पावलांनी निघाली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मराठे त्याच्या धाडसावर खूश होते, त्यांनी त्याचं नाव पाडलं इष्टुर फाकडा. वडगावात त्याचं थडगं आहे आणि लोक तिथे नवस बोलतात. मावळ्यांचा हा मोठेपणा की भाबडेपणा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ९ जानेवारीला फौज तळेगावात पोहोचली तर गाव रिकामं आणि जाळलेलं. दोन दिवसांनी रात्रीत जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून त्यांनी माघार घेतली, वडगावला त्यांना गाठलं, आणि शिंदे-होळकरांच्या फौजांनी वेढल्यावर तह लिहून द्यावा लागला. पुढे मुंबईकर इंग्रजांनी तो पाळला नाही, पण धडा पाळला : हा घाट गाडीने ओलांडता येत नाही तोवर पुणं आपलं नाही.

मग रस्ता आला. आर्थर वेलस्लीने १८०४ मध्ये तोफा नेण्याजोगी वाट करून घेतली, आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या वेळी कॅप्टन ह्यूजने बांधलेला घाटरस्ता गाड्यांना खुला झाला. त्यानंतर आगगाडी. पुणे–खंडाळा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. खालून मुंबईकडची गाडी घाटाच्या पायथ्याला येऊन थांबे, आणि मधला घाट प्रवासी पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी पार करत. या मधल्या तुकड्यासाठी जेवढे जीव गेले तेवढे त्या काळच्या एखाद्या लढाईतही गेले नसतील. पंधरा मैलांच्या चढणीत पंचवीस बोगदे आणि दऱ्यांवर आठ उंच पूल. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर. १८५९ च्या सुरुवातीला मजुरीवरून दंगा झाला, ठेकेदार फेव्हिएलने काम सोडलं, नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही दिवसांतच मेला. मग त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका स्वतःच्या नावावर चालू ठेवला आणि दोन अभियंत्यांच्या मदतीने घाट पुरा केला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियरने तो खुला केला. एक बाई मावळातून उतरून अहमदाबादेपर्यंत गेली, शंभर-सव्वाशे वर्षांनी दुसरी विलायतेहून मावळात आली. दोघीही नवरा गेल्यावर कामाला लागल्या. पहिलीची समाधी तरी आहे.

घाटातल्या लोकांची कथा वेगळी. साहेबाला वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपली मेंढरं जातात ती वाट दाखवली, आणि बक्षीस म्हणून काय हवं विचारल्यावर त्याने आमचं राज्य परत द्या म्हटलं, तेव्हा साहेबाने गोळी घातली, असं सांगतात. घाटात त्याचं देऊळ आहे. ट्रकवाले न थांबता खिडकीतून नाणं टाकतात. ह्यूज, फेव्हिएल, ट्रेडवेल यांतलं एकही नाव त्यांना माहीत नसतं.

याच घाटातला आपल्याला ठाऊक असलेला पूल म्हणजे अमृतांजन. द्रुतगती मार्गावरून पुण्याला येणाऱ्या दोन-तीन पिढ्यांनी तो पाहिलाय. त्याच्यावरच्या औषधाच्या जाहिरातीने त्याला नाव दिलं. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीने रस्ते ओस पडले होते त्याचा फायदा घेऊन, सुरुंगाने तो पाडला. जागा अरुंद होती, अपघात होत होते, तक्रार करण्याजोगं त्यात नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत मात्र हा १८३० चा, १९० वर्षांचा रेल्वेपूल असल्याचं छापून आलं. भारतात पहिली प्रवासी आगगाडी धावली १८५३ साली, आणि बोरघाटातून १८६३ साली. १८३० हे वर्ष घाटरस्त्याचं. म्हणजे तो पूल एकतर रस्त्याच्या वयाचा असेल किंवा रेल्वेच्या. १८३० चा रेल्वेपूल या घाटात असणं शक्यच नाही. पाडताना त्याचं वय विचारायला कुणी थांबलं नाही. किल्ला असता तर दहा इतिहासकार धावून आले असते, मीही आलो असतो.

आपल्याकडे पुलाचं असंच होतं. दरवाजा अडवतो म्हणून तो लक्षात राहतो. पूल पायाखाली असतो, आणि पायाखालचं कोण बघतं?

छपराचा पूल मात्र मला सापडला, एका अर्थाने. कार्ल्याला. चैत्यगृहात शिरून वर बघा. कमानदार छताला सागवानी बरगड्या आहेत, एकीला लागून एक, आणि त्या दोन हजार वर्षांच्या आसपासच्या, मूळच्याच. स्तूपावरची लाकडी छत्रीही तेव्हाचीच. लेण्यात दान देणाऱ्यांची नावं कोरलेली : लेणं पुरं करणारा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, खांब करून देणारे धेनुकाकटचे यवन. ही सगळी मंडळी त्याच वाटेवरची, जी पुढे दाभाड्यांची, मग इंग्रजांची आणि आज कंटेनरवाल्यांची झाली. लोणावळ्याच्या पावसात उघड्यावरचं लाकूड काही पावसाळ्यांतच कुजतं. कार्ल्याचं टिकलं, कारण त्याच्यावर डोंगर आहे. व्हरमाँटचे सुतार पुलावर छप्पर घालत ते याच कारणासाठी. पांथस्थाचं डोकं कोरडं राहावं हा त्यांचा हेतू नव्हता, पाऊस आणि बर्फापासून तुळया वाचवायच्या होत्या. भाच्याला हे कळवलं तेव्हा तिथल्या एकाही मार्गदर्शकाने त्याला छपराचं हे कारण सांगितलं नव्हतं असं कळलं. मामाचा ताठा थोडा वाढला.

संग्रहालयाचंही उत्तर देता आलं असतं, लोणावळ्यातल्या मेणाच्या पुतळ्यांच्या दालनाचा पत्ता पाठवून. पण मावळातलं खरं संग्रहालय कामशेतला होतं, आणि ते कागदांचं होतं. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होते. १९२५ मध्ये निवृत्त झाल्यावर ते पुण्यात न राहता कामशेतला येऊन राहिले, इंद्रायणीकाठी. तिथून त्यांनी पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड तयार केले आणि पुढे इंग्रजीत मराठ्यांचा तीन खंडी इतिहास लिहिला. सर यदुनाथ सरकार बंगालमधून या खेड्यात त्यांच्याकडे येऊन राहत. १९५९ मध्ये सरदेसाई कामशेतलाच गेले. दाभाड्यांच्या हाताखालच्या गायकवाडांनी बडोदं उभं केलं. त्या बडोद्याने एका माणसाला इतिहासकार घडू दिलं, आणि तो म्हातारपणी दाभाड्यांच्या मावळात येऊन, त्याच नदीच्या काठी, डभई आणि आळंदीचे कागद लावत बसला. कुणी कादंबरीत असं लिहिलं तर आपण योगायोग फार झाला म्हणून पुस्तक मिटू.

याच नदीने खाली देहूला तुकोबांच्या वह्या परत वर आणून दिल्या असं वारकरी मानतात. भंडारा डोंगर इंदुरीच्या हद्दीला लागूनच आहे. इंद्रायणीला कागद जपायची सवय आहे, असं म्हणायचा मोह होतो. दगड-लोखंडाच्या बाबतीत मात्र तिचा भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंडमळ्याला गेलो. इंदुरीच्याच हद्दीत, गढीपासून खालच्या अंगाला. इथे इंद्रायणीचं पात्र कातळातून जातं, आणि पाण्याने गोटे फिरवून फिरवून खडकात रांजणासारखे गोल खळगे पाडलेत. पावसाळ्यात पाणी त्यांतून घुमतं आणि लोक ते बघायला येतात. इथे एक अरुंद लोखंडी पूल होता, तीसेक वर्षांपूर्वीचा. पलीकडच्या शेतांत जायला, दुधाच्या किटल्या आणायला, शाळेला, असल्या कामांसाठी बांधलेला. मावळी बोलीत साकव म्हणावा एवढाच त्याचा जीव. १५ जून २०२५, रविवार. पाऊस, नदी भरलेली, सुट्टीचा दिवस. पुलावर माणसं उभी राहिली, दुचाक्याही आल्या, आणि दुपारी तो कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले.

गढी बघायला मी गेलो तेव्हा तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पुलाच्या जागी मात्र पाच-सहा माणसं काठावर उभी होती, काही न बोलता पाण्याकडे बघत. पाणी तेव्हा उतरलेलं, खळगे उघडे पडलेले, एकात कुणाची तरी चप्पल तरंगत होती. तिथे एक म्हातारबाबा दोन शेळ्या घेऊन बसले होते. मी त्यांना विचारलं, "बाबा, पलीकडं जायला वाट कुठून?"

त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"आता फिरूनच. गावातनं वर रोडला लागा, मोठ्या पुलावरनं तळेगावकडं जावा, मग खाली या." थोडं थांबून म्हणाले, "आमच्या आज्याच्या टायमाला बी असंच व्हतं. पानी उतरलं की हितनंच जायाचं, न्हाय उतरलं की बसायचं."

"किती दिवस?"

"दसऱ्यापातूर," म्हणाले, आणि शेळी हाकायला उठले.